पेसरी: बसवून घेण्यापासून स्वतः काढता येईपर्यंत

अंग बाहेर येण्याचं माझं दुखणं सकाळी नसल्यासारखंच असायचं. उठल्यावर अंग हलकं असायचं, इतकं की आदल्या संध्याकाळी जे जाणवलं ते खरं होतं का, अशी शंका यावी. दुपारपर्यंत उभं राहून शिकवलं की ओटीपोटात जडपणा उतरायला लागायचा. संध्याकाळी खुर्चीत टेकले की चेंडूवर बसल्यासारखं व्हायचं, आणि अंघोळ करताना योनीमार्गाच्या तोंडाशी एक मऊ, ओलसर फुगवटा हाताला लागायचा. रात्री आडवी झाले की तो आपोआप आत जायचा. या दुखण्याची तपासणी करून घ्यायची असेल तर दिवसाच्या शेवटी जावं, असं मी आता प्रत्येकीला सांगते. सकाळी, ताज्या अंगाने, टेबलावर झोपवून तपासलं तर निम्मं दुखणं लपून बसतं.

लघवीचा त्रास त्याहून चिवट होता. करून उठले की परत लागायची, परत बसले की थोडीशी व्हायची. कधी पुढे वाकावं लागे, तर कधी बोटाने तो फुगवटा वर दाबून धरल्याशिवाय मोकळं होताच येत नसे. शाळेत दोन तासांच्या मधल्या वेळात हे सगळं उरकणं म्हणजे रोजची धास्ती. पाणी कमी प्यायला लागले, त्याने लघवीची जळजळ सुरू झाली.

डॉक्टरबाईंना मी एवढंच म्हटलं, "संध्याकाळी अंग बाहेर येतं." त्यांनी पुढचं सगळं स्वतःच विचारलं. लघवी अडते का, शौचाला बोटाचा आधार द्यावा लागतो का, खोकला आला की थेंब जातात का, पाळी जाऊन किती वर्षं झाली, बाळंतपणं कशी झाली, नवऱ्याशी संबंध येतो का. शेवटचा प्रश्न त्यांनी इतक्या सहजपणे विचारला की मीही सहज उत्तर दिलं. मग झोपवून तपासलं, कुंथायला लावलं, आणि त्यानंतर उभं करून, एक पाय पायरीवर ठेवायला सांगून पुन्हा खोकायला लावलं. उभ्याने केलेल्या तपासणीतच फुगवटा पूर्ण दिसला. खुणा केलेल्या एका बारीक पट्टीने त्यांनी मापं घेतली. पीओपी-क्यू नावाची ही मोजणीची पद्धत 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात योनीपटलाची रेषा शून्य धरतात आणि योनीमार्गाची पुढची भिंत, मागची भिंत आणि गर्भाशयाचं तोंड त्या रेषेपासून किती सेंटिमीटर आत किंवा बाहेर आहे ते लिहितात. माझी पुढची भिंत जोर केल्यावर 2 सेंटिमीटर बाहेर येत होती. रेषेच्या बाहेर 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त म्हणजे तिसरी पायरी. गर्भाशयही खाली सरकलेलं होतं, पण आत होतं. मागची भिंत बरी होती.

योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला लागून मूत्राशय असतं. भिंत सैल पडली की मूत्राशय तिच्यावर रेलतं आणि भिंतीसकट खाली उतरतं. मला जो फुगवटा हाताला लागत होता, तो माझ्या मूत्राशयाचा होता. लघवीची नळी त्यामुळे मुडपल्यासारखी होते, म्हणून सगळी लघवी निघत नाही. हे चित्र काढून दाखवल्यावर माझी निम्मी भीती गेली, कारण तोपर्यंत मी त्या फुगवट्याला गाठ समजत होते आणि रात्री नको नको ते मनात येत होतं.

पहिल्या बाळंतपणात माझं बाळ मोठं होतं आणि चिमटा लावून काढावं लागलं. दुसरं सरळ झालं. पुढे पाळी गेली, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं, आणि दर हिवाळ्यात महिनाभर चालणारा खोकला होताच. यातलं नेमकं कुठलं कारण, हे कोणी सांगू शकत नाही. बाळंतपण, वय, वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, जड उचलणं आणि काही घराण्यांत मुळातच नाजूक असलेले ऊतक, या सगळ्यांचा हातभार लागतो.

आता करायचं काय, यावर डॉक्टरबाईंनी मला निवड दिली. त्रास सोसण्यासारखा असेल तर काहीच न करणं हाही पर्याय आहे, हे त्यांनी आधी सांगितलं, आणि ते मला फार आवडलं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तर करायचेच. त्याखेरीज पेसरी, म्हणजे योनीमार्गात बसवायचा आधार, किंवा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे काही जड उचलायचं नाही, आणि माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, हे दिवसातून कितीतरी वेळा माझ्याच हातून होत होतं. मी पेसरी निवडली. तेव्हा मला वाटलं होतं की ही शस्त्रक्रिया होईपर्यंतची तात्पुरती सोय.

प्राचीन ग्रीक वैद्यकाच्या ग्रंथांत अशा आधारासाठी अर्धं डाळिंब आत बसवायला सांगितलेलं आहे. म्हणजे दुखणंही जुनं आणि उपायही जुना. आजच्या पेसऱ्या बहुतेक वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनच्या असतात. डॉक्टरबाईंनी ड्रॉवर उघडून टेबलावर मांडल्या तेव्हा मी चाटच पडले. साधं कडं, मधे पडदा असलेलं कडं, बशीला दांडा लावावा तशी गेलहॉर्न, मेदूवड्यासारखी जाड गोल डोनट, चारी बाजूंनी आत दबलेली क्यूब. प्रत्येकीत पुन्हा लहानमोठी मापं. "यातली तुमची कुठली ते बसवून बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पहिलीच बसली तर उत्तम. नाही बसली तर दुसरी. त्याने निराश व्हायचं नाही."

हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं म्हणून पुढचे दोन महिने निभावले.

माप घेणं म्हणजे आतून दोन बोटांनी अंदाज घेणं. मधलं बोट गर्भाशयाच्या तोंडामागच्या खोलगट जागेत टेकवायचं आणि पुढच्या हाडाच्या मागे बोटाचा कुठला भाग येतो ते पाहायचं. ते अंतर साधारण कड्याचा व्यास ठरवतं. पहिलं कडं 64 मिलिमीटरचं होतं. त्यांनी ते मधोमध दुमडलं, पुढच्या कडेला जेल लावलं आणि माकडहाडाच्या दिशेने सरकवलं. आत जाताना तोंडाशी क्षणभर ताण बसला, मग आत कडं उघडलं आणि काही जाणवेनासं झालं. त्यांनी कडं आणि भिंत यांच्यामधून बोट फिरवून पाहिलं. बोट फिरायला हवं. फिरलं नाही तर कडं मोठं आहे, भिंतीला दाबतंय. मग मला उठवलं. चालायला लावलं, खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, जिना चढून-उतरून यायला सांगितलं. आणि शेवटी लघवी करून यायला सांगितलं. ही शेवटची चाचणी झाल्याशिवाय कोणीही घरी जाऊ नये. कड्याने लघवीची वाट दाबली गेली तर घरी पोचल्यावर, रात्री-अपरात्री, लघवी तुंबते.

मी लघवी करून आले. एका दमात झाली, पुन्हा बसावं लागलं नाही. तिथल्या सिस्टरना सांगताना माझा आवाज भरून आला.

ते कडं आठवडाभरही टिकलं नाही. शौचाला जोर केला आणि ते बाहेर आलं. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, घाबरू नका, बाहेर काढा, धुवा, पिशवीत घालून घेऊन या. पुढचं माप 70 मिलिमीटर. ते मात्र पडलं नाही. पण संध्याकाळ झाली की थोडासा फुगवटा पुन्हा हाताला लागायचा, आणि मला कळेना की कडं जागेवर असताना हे कसं. तपासल्यावर दिसलं की कड्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून भिंत खाली डोकावत होती. मग त्याच मापाचं, पण मधे भोकं असलेला पातळ पडदा असलेलं कडं बसवलं. भोकं अशासाठी की आतला स्राव बाहेर येत राहावा. हे बसलं. जिना, उकिडवं बसणं, आईला उठवणं, दिवसभर उभं राहणं, सगळं झालं आणि ते जागेवर राहिलं. बरोबर बसलेली पेसरी आत आहे हे जाणवत नाही. टोचत असेल, कंबर भरून येत असेल, सारखं लक्ष तिकडे जात असेल, तर माप किंवा प्रकार बदलायला हवा. सहन करत राहण्यासारखं त्यात काहीही नाही, हे मी ठासून सांगते, कारण आपल्याला सहन करायची सवय फार असते.

सगळ्यांना ती बसतेच असंही नाही. योनीमार्ग आखूड असेल, तोंड फार रुंद झालेलं असेल, किंवा आधी गर्भाशय काढलेलं असेल तर कडं टिकणं अवघड जातं. तेव्हा दुसरे प्रकार आजमावतात, आणि तरीही नाही जमलं तर दुसरी वाट धरतात.

फुगवटा गेला आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. खोकला आला, शिंक आली, जोरात हसले, की लघवीचे थेंब जायला लागले. आधी असं कधी होत नव्हतं. मला वाटलं पेसरीने काहीतरी बिघडवलं. खरं कारण उलटं होतं. इतके दिवस खाली उतरलेल्या मूत्राशयाने नळी मुडपून ठेवली होती, त्यामुळे गळती झाकली गेली होती. आधार मिळून नळी सरळ झाल्यावर ती उघड झाली. हे बऱ्याच जणींना होतं आणि त्याची कल्पना आधी दिलेली असली की धक्का बसत नाही. यासाठी कड्यावर एक गाठ असलेली पेसरीही मिळते, ती लघवीच्या नळीला खालून टेकू देते. ती बघण्याआधी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर कळलं की मी इतकी वर्षं जे स्नायू आवळत होते असं समजत होते ते मांड्यांचे आणि नितंबांचे होते. तिने आतून बोटाने तपासून दाखवलं, "आता आवळा, आता वर ओढल्यासारखं करा, पोट सैल ठेवा, श्वास धरू नका." वायू आणि लघवी एकदम रोखून धरतो तशी ती हालचाल. आवळून धरायचं, मग पूर्ण सोडायचं. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं, यावर तिचा फार भर होता. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे खोकल्याच्या किंवा शिंकेच्या आधी क्षणभर आवळून धरणं. दोन-तीन महिन्यांत थेंब जाणं जवळजवळ थांबलं. आईला उचलण्याआधीही मी आता श्वास सोडत, आवळून मगच उचलायला लागले. शौचाला बसताना पाय छोट्या पाटावर ठेवून, पुढे झुकून, न कुंथता बसायचं, हेही तिनेच शिकवलं. बद्धकोष्ठता राहिली तर कुठलीच पेसरी टिकत नाही.

इथपर्यंत पेसरी माझ्यासाठी डॉक्टरांनी बसवलेली वस्तू होती. ती माझी झाली ती काढायला शिकल्यावर.

सुरुवातीला ठरलं होतं की दर तीन-चार महिन्यांनी यायचं, त्या काढतील, धुतील, तपासतील, पुन्हा बसवतील. पुष्कळ बायका असंच करतात आणि त्यात काही कमी नाही. पण एका तपासणीला सिस्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही स्वतः शिकून का नाही घेत? तुमची बोटं पोचतायत." मला पहिल्यांदा नकोच वाटलं. आपल्याच शरीरात बोट घालून काही शोधायचं, ही कल्पनाच अंगावर आली. सिस्टर घाई न करता थांबल्या. त्यांनी आधी कडं हातात दिलं, दुमडायला लावलं. या प्रकारच्या कड्याला दोनच ठिकाणी वाकेल अशी रचना असते, त्या दोन बिंदूंवरच ते दुमडतं, बाकी कुठून नाही. ते बोटांना समजेपर्यंत त्यांनी मला पुन्हा पुन्हा करायला लावलं.

मग काढणं. आधी लघवी करून यायचं, हात धुवायचे, नखं कापलेली हवीत. एक पाय खुर्चीवर, किंवा उकिडवं, किंवा पाठीवर गुडघे वाकवून, जे जमेल ते. मला उकिडवं सोयीचं पडलं. पहिलं बोट आत घातलं की पुढच्या हाडाच्या मागे कड्याची कड लागते. तिच्यात बोट अडकवायचं, हलकासा जोर करायचा म्हणजे कड खाली येते, मग खाली आणि बाहेर ओढायचं. पहिल्यांदा बोट निसटत राहिलं आणि मला रडू यायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "श्वास सोडा. घट्ट आवळून धरलंय तुम्ही." खरंच धरलं होतं. श्वास सोडला तशी कड खाली आली. बाहेर येताना तोंडाशी जरा दुखतं, एखाद्या क्षणाचं. कडं हातात आलं तेव्हा मला जे वाटलं ते शस्त्रक्रिया टळल्याच्या आनंदापेक्षा मोठं होतं. माझं दुखणं माझ्या हाताच्या टप्प्यात आलं होतं.

ज्यांची बोटं पोचत नाहीत, संधिवात आहे, त्यांच्यासाठी कड्याला एक दोरा बांधून देतात. दात साफ करायचा बिनवासाचा फ्लॉसही चालतो. दोरा फक्त कड खाली आणायला. मग ती बोटाने धरायची.

घालणं त्या मानाने सोपं गेलं. कोमट पाण्याने आणि साध्या, वास नसलेल्या साबणाने धुवायचं, दुमडून कमान वरच्या बाजूला धरायची, पुढच्या टोकाला पाण्यात विरघळणारं जेल, आणि सरळ वर ढकलण्याऐवजी मागे, पाठीच्या खालच्या टोकाकडे. आत उघडलं की बोटाने पाव वळसा फिरवायचं. असं केल्याने दुमडणारे दोन बिंदू तोंडासमोर राहत नाहीत आणि कडं जोर केल्यावर दुमडून बाहेर सरकत नाही. हा पाव वळसा मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचून समजला नसता. सिस्टरनी माझं बोट धरून दाखवला.

आता मी आठवड्यातून एकदा रात्री काढते, धुते, सकाळी घालते. काही जणी रोज काढतात, काही महिन्यातून एकदा. कड्याच्या बाबतीत हे सगळं चालतं. क्यूब मात्र चारी बाजूंनी भिंतीला ओढून धरते, ती रोज रात्री काढावीच लागते. ब्रिटनमध्ये 340 स्त्रियांचा एक अभ्यास झाला, टॉप्सी नावाचा, त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. स्वतः पेसरी सांभाळणाऱ्या आणि दवाखान्यात जाऊन बदलून घेणाऱ्या, दोन्ही गटांतल्या बायकांचं रोजचं जगणं सारखंच सुधारलेलं होतं, पण स्वतः सांभाळणाऱ्यांना पेसरीमुळे होणारे त्रास कमी झाले. मला हे वाचून बळ आलं.

नवऱ्याबद्दलही लिहायला हवं, कारण हा प्रश्न मनात असून कोणी विचारत नाही. कडं आत असताना संबंध ठेवता येतो. काही जोडप्यांना ते जाणवतही नाही. आम्हाला काढून ठेवणं बरं वाटतं. गेलहॉर्न आणि क्यूब असेल तर आधी काढावीच लागते. माझ्या नवऱ्याला मी कडं दाखवलं, ते काय करतं ते सांगितलं. तो बराच वेळ हातात घेऊन बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं सोसत होतीस तर सांगायचं नाही का?" पुढे आईला उचलण्याचं काम त्याने स्वतःहून वाटून घेतलं.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा कडं काढलं तर त्याला गुलाबी डाग होता. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल दिसलं की ते दाखवायलाच हवं, पेसरी असो वा नसो. डॉक्टरबाईंनी योनीमार्ग उघडून धरणारं साधन घालून आत पाहिलं. मागच्या भिंतीवर कड्याच्या कडेने एक जागा सोलवटली होती. पाळी गेल्यावर आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, म्हणून तिथे घासून जखम होते. गर्भाशयाच्या आतून काही येत नाही ना, याची खात्री करायला सोनोग्राफीही करून घेतली. ती ठीक आली. उपाय म्हणजे पेसरी काढून ठेवायची, योनीमार्गात कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम लावायचं, आणि जागा भरून आल्यावरच पुन्हा घालायची.

ते काही आठवडे मला जड गेले. फुगवटा परत आला, लघवीसाठी पुढे वाकणं परत आलं, पाणी कमी पिणं परत सुरू झालं. पेसरी दुखणं बरं करत नाही, ती फक्त धरून ठेवते. हे मला ठाऊक होतं, पण ते खरं कळलं या दिवसांत. जखम भरल्यावर जेव्हा पुन्हा घातली तेव्हापासून मलम आठवड्यातून दोनदा चालू आहे. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी या मलमाबद्दल आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये.

पांढरं जाणं थोडं वाढतं, हे गृहीत धरायचं. त्याला वास यायला लागला, रंग हिरवट-पिवळा झाला, खाज सुटली, रक्त दिसलं, पोटात सतत दुखायला लागलं, लघवी किंवा शौच अडलं, तर लगेच दाखवायचं. योनीमार्ग आतून धुवायच्या द्रावणांच्या वाटेला जायचं नाही, त्याने तिथले उपयोगी जंतू मरतात आणि वास आणखी वाढतो.

माझ्या जाऊबाईंना गेलहॉर्न आहे. त्यांचं गर्भाशय पूर्ण बाहेर येत होतं, कडं टिकलंच नाही. गेलहॉर्नची बशी आत चिकटून बसते, ती स्वतः काढणं बहुतेकींना जमत नाही, त्यामुळे त्यांना तीन महिन्यांनी जावंच लागतं. मी ती तारीख माझ्या फोनमध्येही घालून ठेवली आहे. कारण माझ्या ओळखीतल्या एका आजींची पेसरी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. बसवणाऱ्या डॉक्टरांकडे जाणं सुटलं, स्मरणशक्ती कमी झाली, आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं की आत काही आहे. दुर्गंधी आणि रक्त यायला लागलं तेव्हा कळलं. पेसरी भिंतीत रुतली होती, भूल देऊन काढावी लागली. त्या वाचल्या आणि बऱ्या झाल्या, पण अशी विसरलेली पेसरी भिंत पोखरून मूत्राशयात किंवा गुदमार्गात वाट पाडू शकते. म्हणून ज्या कोणाला पेसरी आहे तिच्या घरातल्या एका तरी माणसाला ते माहीत असायला हवं. माझ्या मुलीला माहीत आहे. माझ्या औषधांच्या फायलीत पहिल्या पानावर प्रकार, माप आणि बसवल्याची तारीख लिहिलेली आहे. लाज वाटते म्हणून हे लपवणाऱ्या बायकांची मला खरोखर काळजी वाटते.

आई गेली त्यानंतर डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेचा विषय पुन्हा काढला. आता उचलायचं काही नव्हतं, अडचण संपली होती. त्यांनी मला नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला. 440 स्त्रिया, निम्म्यांना पेसरी आणि निम्म्यांना शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी पेसरीच्या गटातल्या सुमारे 76 टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातल्या सुमारे 81 टक्के स्त्रियांनी आपल्याला बरं वाटत असल्याचं सांगितलं. पेसरी शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाही, हे त्या अभ्यासात सिद्ध होऊ शकलं नाही. शिवाय पेसरीपासून सुरुवात केलेल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरबाईंनी हे आकडे कुठल्याही बाजूला न झुकवता माझ्यापुढे ठेवले. शस्त्रक्रियेनंतरही काही जणींचं अंग पुन्हा उतरतं, हेही सांगितलं.

मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. निम्म्याहून जास्त जणी सोडून देतात याचा अर्थ पेसरी वाईट असा मी घेतला नाही. कोणाला कडं बसत नाही, कोणाला दर काही महिन्यांनी जाणं झेपत नाही, कोणाला ते नकोसं वाटतं, आणि ज्यांना एकदाचं मोकळं व्हायचं आहे त्यांचं म्हणणंही योग्यच आहे. माझ्या एका सहशिक्षिकेने शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती खूश आहे. माझं बसलेलं आहे, मला काढता-घालता येतं, लघवी एका दमात होते, मी उभं राहून शिकवते. ज्या दिवशी यातलं काही बदलेल त्या दिवशी पुन्हा विचार करेन. डॉक्टरबाईंनी हेच कागदावर लिहिलं आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठेवली.

मधल्या काळात वजन थोडं कमी झालं आणि कडं जरा घट्ट वाटायला लागलं आहे. वजन घटलं किंवा वाढलं की माप बदलू शकतं. सिलिकोनचा रंग पिवळसर झाला तर चालतं, पण चीर पडली, कड खरखरीत झाली की बदलायचं. माझ्या कड्याच्या दुमडायच्या जागेवर एक बारीक रेघ दिसतेय. या खेपेला ते सोबत घेऊन जाणार आहे. नवीन बसवतील तेव्हा पुन्हा चालून, खोकून, उकिडवं बसून आणि लघवी करूनच तिथून निघायचं आहे.